अनुभव धागा: खात्यात पैसे आले, मग सगळ्यात आधी काय घेतलं?

नरखेडची लेक

दिवाळीत माहेरी गेले होते. जेवणं झाली, पानं उचलली गेली आणि भावाने त्याचा आवडता विषय काढला. "महिन्याचे पंधराशे देऊन देऊन बाया घरी बसवल्या सरकारनं. संत्रा तोडाले माणूस भेटत नाही." वहिनीने मान डोलावली. मीही डोलावली असती कदाचित. शहरात राहून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कानाला टोचत नाही.

ओसरीत आमच्याकडची बाई पदराला हात पुसत बसली होती. वीसेक वर्षं झाली, आमच्या वावरात निंदण तीच करते, सणावाराला घरात हातभार लावते. तिने वर न बघता विचारलं, "भाऊ, तुमचे बी दोन हजार येते ना जी, चार महिन्यानं?"

कुणी काही बोललं नाही. भावाने टीव्हीचा आवाज वाढवला.

नागपुरात मानेवाड्याला परत येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. भावाला पीएम किसानचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून मिळतात, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी सहा. त्याचा तो 'सन्मान निधी' आणि तिचे लाडक्या बहिणीचे पंधराशे ते 'फुकटचे'. मी स्वतः कधी कुणाला विचारलंच नव्हतं की या पैशाचं घरात नेमकं होतं काय. म्हणून हा धागा.

ज्यांच्या घरी हे पैसे येतात, ज्यांनी फॉर्म भरून दिले, ज्यांनी वाटप जवळून पाहिलं, त्यांनी लिहा. लाडकी बहीण, श्रावणबाळ, निराधार, मातृ वंदना, किसान, काहीही चालेल. प्रश्न एकच ठेवते: पैसे आल्यावर पहिला खर्च काय झाला? कोणत्या पक्षाने दिले, कोण बंद करणार, ते इथे नको. गावातल्या माणसांची नावंही नकोत.

---

अंगठेवाली (मौदा तालुका)

मी गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. एक खोली, एक लॅपटॉप, एक अंगठ्याचं मशीन.

आमच्याकडे धान. जुलै-ऑगस्टात रोवणी. दिवसभर बाया चिखलात, बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, रेषा शोधून सापडत नाहीत. आणि लाडक्या बहिणीचे पहिले पैसे आले ते नेमके ऑगस्ट २०२४ मध्ये, राखीच्या तोंडावर, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. सकाळी सहाला दारासमोर रांग. माझ्या टेबलावर एक ओलं फडकं, एक कोरडं फडकं आणि खोबरेल तेलाची बाटली. आधी उजवा अंगठा, मग बाजूचं बोट, मग डावा हात. दहाही बोटं नापास झाली की बाई ओशाळते, जशी काही चोरीच केली तिने. मी सांगायची, रात्री तेल लावून झोप, उद्या भांडी घासायच्या आधी ये. बहुतेकींचं जमायचं.

दुसरी भानगड, पैसे आले पण कुठे आले? फॉर्मवर कोणतंही खातं लिहा, सरकारी पैसा आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथेच जातो. एकीचे निघाले जनधनच्या जुन्या खात्यात, त्याचं पासबुक उंदरांनी कधीच संपवलेलं. एकीने लग्नाआधी बुटीबोरीत कंपनीत काम केलं होतं, तेव्हाचं पगाराचं खातं एका खासगी बँकेत पडून होतं. तिथे पैसे गेले आणि किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून साचलेल्या दंडात जवळजवळ सगळे वळते झाले. ती माझ्यासमोर रडली नाही. "माह्याच नावानं आले अन् मलेच नाही भेटले," एवढं म्हणाली आणि रोवणीला गेली.

तुमचा प्रश्न पहिल्या खर्चाचा. एक बाई सांगते. तिने पाचशे काढले, अडीच हजार राहू दिले. मग दर आठवड्याला यायची आणि विचारायची, "हाय ना जी?" मी मशीनवर बघून शिल्लक सांगायची, ती जायची. शेवटी विचारलं, काढत का नाहीस? म्हणाली, "काढले त सरते. हाय म्हनून झोप लागते."

---

बुटीबोरीचा पोरगा

आईने चष्मा घेतला. जवळचा. तीन-चार वर्षं भातात खडे यायचे आणि आम्ही तिच्यावर ओरडायचो.

---

कुहीचा नातू

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, आता पुनर्वसनात राहतो. आजी श्रावणबाळवाली, म्हणजे म्हातारपणाची सरकारी मदत मिळणारी. सुरुवातीला महिन्याला सहाशे मिळायचे, २०१९ ला हजार झाले, २०२३ पासून पंधराशे.

हे मिळवायला वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. एकवीस हजार वर्षाला म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. तहसीलीत बाबूने दाखला बघितला, बाबांकडे बघितलं आणि हसला. बाबाही हसले. सगळ्यांना माहीत असतं की एवढ्यात कुणीच जगत नाही, पण आकडा तोच लिहावा लागतो.

हप्ता दर महिन्याला येतोच असं नाही. कधी तीन-तीन महिने काही नाही, मग एकदम. आजी त्याला 'पगार' म्हणते. पगार झाला की ती धुतलेलं लुगडं नेसते आणि मला म्हणते, चाल बँकेत. चिठ्ठीवर अंगठा देते, शाईचं बोट तिथल्याच भिंतीला पुसते, शिपाई ओरडतो, ती दर वेळी तेच करते. बाहेर आल्यावर तंबाखूची पुडी आणि माझ्या लहान बहिणीला जिलबी. पहिला खर्च हाच, कधी चुकला नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आधी तिची बीपीची गोळी संपली की ती दोन-दोन दिवस सांगायची नाही. आईला सांगितलं तर आई बाबांना सांगणार, बाबा म्हणणार शुक्रवारी बघू. एकदा चक्कर येऊन न्हाणीत पडली तेव्हा डबी रिकामी असल्याचं कळलं. आता ती डबी माझ्यापुढे आपटते आणि वर पैसे ठेवते. "आन," एवढंच. गेल्या उन्हाळ्यात आईने तिच्याकडून हजार रुपये उसने घेतले, गॅस भरायला. आजीने ते परत मागितले! आईला राग आला, मला मात्र फार मजा वाटली.

---

संत्रावाला (काटोल)

नरखेडच्या ताईच्या भावाची बाजू मी घेतो. शिव्या द्यायच्या त्यांनी द्या.

आंबिया बहाराची तोड लागली की आठ-पंधरा दिवसांत माल उतरवावा लागतो. व्यापारी थांबत नाही, झाडावर फळ थांबत नाही. गावातल्या दहा बायांपैकी चारच येतात आणि त्याही अकरा वाजता. मग मध्य प्रदेशातून टोळी आणावी लागते, त्यांचं राहणं-जाणं माझ्या डोक्यावर. माझ्या दोन हजारांचं म्हणाल तर त्यात एक फवारणी निघत नाही.

तरी एक गोष्ट कबूल करतो. किसानचे पैसे सातबारा पाहून मिळतात. माझ्या शेजारचं वावर ज्याच्या नावावर आहे तो पुण्याला राहतो, त्याला दोन हजार बरोबर जातात. ते वावर दहा वर्षं ठेक्याने करणारा माणूस कर्ज काढून बी आणतो, त्याला रुपया नाही. हे मला पटत नाही आणि आमच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत यावर कुणी बोलतही नाही.

---

वेचणीवालीची पोरगी

काका, शिव्या नाही देत. हिशेब देते.

पंधराशे भागिले तीस, दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांत कुणी घरी बसत नाही हो. माझी आई कापूस वेचणीला जाते, निंदणाला जाते, कांदा लावायला जाते. ती तुमच्याकडे का येत नाही ते सांगते.

आमच्याकडे भादव्यात घरातलं सरायचं. पोळा होऊन जायचा, पऱ्हाटी अजून फुटलेली नसायची, हाताला काम नाही. तेव्हा आई एका कास्तकाराकडे जाऊन उचल घ्यायची. दोन हजार, कधी तीन. व्याज नसायचं, माणूस वाईट नव्हता. पण मग दिवाळीच्या पुढे मागे वेचणी लागली की आधी त्याच्याच वावरात जावं लागायचं, आणि किलोला गावात जो दर चालू असेल त्याहून रुपया-दोन रुपये कमी. बोलायची सोय नाही, कारण पैसे आधीच खाऊन झालेले. शेजारच्या वावरात जास्त दर देतायत हे धुऱ्यावरून दिसायचं, ऐकू यायचं, आणि आई मुकाट्याने वेचत राहायची. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला, बोंडं बारीक झाल्यावर, ती मोकळी व्हायची.

२०२४ च्या भादव्यात तिने उचल घेतली नाही. राखीचे तीन हजार होते ना! पहिला खर्च म्हणाल तर एक कट्टा तांदूळ, गोडं तेल आणि माझ्या बारावीच्या फॉर्मचे पैसे. त्या वर्षी वेचणीला ती जिथे दर जास्त तिथे गेली. तिने काम सोडलं नाही, फक्त मालक निवडला. ज्याच्याकडे ती दरवर्षी जायची तो गावभर सांगत सुटला, "बाया आता कामाले येत नाही."

---

संत्रावाला (काटोल)

उचलीचं खरं आहे. आमच्या गावातही हेच चालतं. मीही दिलेली आहे.

---

आश्रमशाळेतला मास्तर (देवलापार परिसर)

वरच्या ताईंनी कापसाचं लिहिलं, मी मोहाचं लिहितो.

रामटेक तालुक्याच्या या भागात गोंड वस्ती बरीच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे घरची सगळी माणसं मोहाखाली. फुलं वेचून आणायची, अंगणात वाळवायची, विकायची. पण लग्नसराई त्याच महिन्यात, हातात दुसरा पैसा नाही, त्यामुळे पूर्ण वाळायच्या आतच व्यापारी काटा घेऊन दारात उभा. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाहेर, मग भाव कुठून येणार? पावसाळा लागला की हाच मोह महाग होतो, पण तोवर तो व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो. काही बाया तर दिवाळीत खायला तोच विकत आणतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांनी थोडा मोह बांबूच्या ढोलीत झाकून ठेवला. सगळा नाही, एखाददोन मण. एप्रिल-मेचा घरखर्च पंधराशेवर आणि तेंदूपत्त्यावर निघाला. श्रावणात विकला. किती फायदा झाला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आमच्याकडे पोरी दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना पत्र्याची पेटी घेऊन येतात. दरवर्षी अर्ध्या पेट्यांना कुलूप नसतं, सुतळी बांधलेली असते, आणि मग तेल-साबणाच्या चोऱ्या, भांडणं, रडारड, ती सगळी माझ्या माथी. त्या वर्षी त्या घरांतल्या पोरींच्या पेट्यांना नवीन कुलपं होती. एकीने किल्ली गळ्यात बांधलेली. ती अंघोळीलाही काढत नाही.

आता दुसरी बाजू. इथून बँकेत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं हे बरं, पण एसटी यायला तर हवी. म्हणून काही जणी गावात मशीन घेऊन येणाऱ्या माणसाकडून पैसे काढतात आणि तो शंभरामागे दोन-पाच रुपये स्वतःला ठेवतो. कायद्याने ठेवता येत नाहीत. तक्रार करा म्हटलं तर बाया म्हणतात, मास्तर, त्यानंही येणं बंद केलं तर?

---

अंगठेवाली

मास्तर, आम्हाला दर व्यवहारामागे बँकेकडून जे कमिशन मिळतं त्यात पेट्रोल निघत नाही हेही लिहा कधी. त्याचं समर्थन करत नाही. मी घेत नाही.

---

अंगणवाडी ताई (उमरेड तालुका)

जुलै २०२४ आठवला तरी डोळे जळजळतात. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायचं ॲप दिवसा उघडायचंच नाही. रात्री एक-दोन वाजता सर्व्हर मोकळा व्हायचा, तेव्हा कंदिलासारखा मोबाईल धरून फॉर्म. एका फॉर्मचे पन्नास रुपये देऊ म्हणाले होते. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला नको असं ठरलं तेव्हा जरा सुटलो, नाहीतर तलाठी कार्यालयासमोर जत्रा भरलेली.

पण मला मातृ वंदनेचं सांगायचं आहे, कारण त्यावर कुणी भांडत नाही आणि कुणी बोलतही नाही. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार मिळतात. पहिला हप्ता तीन हजारांचा, गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर. दुसरा दोन हजारांचा, जन्मनोंद आणि लसी झाल्यावर. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार एकरकमी. कागदावर फार छान. बाईने सातव्या-आठव्या महिन्यात वाकून कामं करू नयेत, दूध-अंडी खावीत, हा हेतू.

माझ्या वाडीतल्या एका पोरीचा पहिला हप्ता अडकला, कारण आधारवर माहेरचं आडनाव आणि बाकी कागदांवर सासरचं. ते दुरुस्त करायला दोन चकरा तालुक्याला, एक नागपूरला. पैसे आले तेव्हा बाळ रांगत होतं. गरोदरपणात खायचे पैसे! ती आठव्या महिन्यापर्यंत मिरची तोडायला गेली. बाळ पंधरा दिवस आधी झालं, वजन कमी. आता बरं आहे, गोंडस आहे. पैसे आल्यावर तिने काय घेतलं? मच्छरदाणी आणि स्वतःसाठी एक गाऊन. मला वाटलं, बाई गं, हेच गरोदरपणात आले असते तर.

ज्यांचे वेळेवर आले त्यांच्या घरी फरक दिसतो. खोटं कशाला बोलू? सासूच्या हातात जातात तिथे कमी दिसतो. आणि एका घरी नवऱ्याने तीन हजार काढून मोबाईल घेतला, तेही पाहिलं.

---

सेलूहून (वर्धा जिल्हा)

नागपूरचा नाही, पण उंबरठ्यावरचाच. आमच्याकडे एक उलटा प्रयोग झाला तो सांगतो.

आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या चौदा जिल्ह्यांत वर्धा येतो. इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी. ते थांबलं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात देऊ असं ठरलं, पुढे त्याचे एकशे सत्तर झाले. आम्ही घरात पाच जण. रेशनच्या दिवशी पंचवीस किलोचं पोतं सायकलवर यायचं, ते बंद झालं. त्या पैशात बाजारात तेवढं पोतं येत नाही, तिथपर्यंत जायचं-यायचं वेगळं. आणि बाजारात भाव वाढले म्हणून खात्यातली रक्कम आपोआप वाढत नाही.

आई म्हणायची, धान्य होतं तेव्हा ते कुणी दुसऱ्या कामाला वापरू शकत नव्हतं. पैसा आला की कधी डिझेलमध्ये जातो, कधी औषधात.

---

समाजकार्याचा विद्यार्थी, आता संस्थेत नोकरी

सेलूच्या दादांचा मुद्दा आम्ही वर्गात खूप घोळवला होता. रोख द्यावी की वस्तू, यावर एक प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. मध्य प्रदेशात इंदूरकडच्या आठ गावांत २०११-१२ मध्ये 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने गावातल्या सगळ्यांना दर महिन्याला रोख दिली. मोठ्यांना दोनशे, पोरांना शंभर, वर्षभराने तीनशे आणि दीडशे. अट काहीच नाही. रेशन चालूच होतं, ते काढून घेतलं नव्हतं, आणि सेलूच्या अनुभवाशी ताडून पाहायचं तर नेमकं हेच बघा.

लोक दारूत उडवतील अशी सगळ्यांची भीती. तसं आढळलं नाही. खाण्यात भाज्या-डाळी वाढल्या, पोरांच्या शाळेवर खर्च वाढला, लोकांनी बी-खत आणि शेळ्या-कोंबड्या घेतल्या, सावकाराचं ओझं हलकं झालं. मला तेव्हा शेवटचा मुद्दा नीट कळला नव्हता, दोनशे रुपयांत कसलं कर्ज हलकं होणार? वेचणीवालीच्या पोरीने उचलीचं लिहिलं तेव्हा कळला. मोठं कर्ज फिटत नाही, पण छोटं कर्ज काढायची वेळच येत नाही, आणि गरीब घराला खाली ओढतं ते हे छोटंच.

---

भिवापूरहून

आमच्याकडे मात्र हे पैसे घरात टिकतच नाहीत. आमच्या आळीत कर्ज देणाऱ्या तीन-तीन कंपन्यांचे बायांचे गट. दहा बायांचा गट, एकीने हप्ता चुकवला तर बाकी नऊ तिच्या दारात. २०२४ च्या दिवाळीनंतर गटाचा पोरगा आला आणि म्हणाला, ताई, आता तुमचं उत्पन्न वाढलं ना, पंधराशे फिक्स येतात, वाढीव कर्ज घ्या. माझ्या बहिणीने घेतलं. टीव्ही आला, थोडं घरावरच्या पत्र्यांत गेलं. आता दर महिन्याला पैसे आले की दुसऱ्या दिवशी गटात जातात. आणि हप्ता उशिरा आला की गटाचा पोरगा सरकारसाठी थांबत नाही. दोनदा तिने कानातलं गहाण ठेवलं.

तिला विचारलं पहिला खर्च काय. म्हणाली, "मी कुठं पाह्यले?"

---

कळमेश्वरची

नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीसाठी केवायसी करा म्हणाले, त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागायचे. वडील त्याच्याही आधी गेलेले. केंद्रावरचा पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काकू, कोणाचा तरी टाकावा लागंल." कोणाचा टाकू? मागाहून मृत्यूचा दाखला घेतील असं झालं, अंगणवाडीत नेऊन दिला. तोवरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

पहिला खर्च: मुलाची सायकल. जुनी, पण दोन्ही ब्रेक लागतात.

---

पारशिवनीचा नवरा

इथे पुरुष कमी दिसतायत म्हणून लिहितो. माझ्या बायकोला पैसे सुरू झाले तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. खरं सांगतो. तिच्या मोबाईलवर मेसेज वाजला की घरात सगळे तिच्याकडे बघायचे. मी रेतीघाटावर कामाला, रोजचा पैसा मीच आणतो, पण त्याचा मेसेज वाजत नाही.

त्यांनी दहा जणींनी भिशी लावली, हजाराची. दर महिन्याला एकीला दहा हजार. चिठ्ठी आमच्या अंगणात निघते, स्टीलच्या तांब्यात, लहान पोर काढतं. पहिली निघाली तिने दोन शेळ्या घेतल्या. दुसरीने दात बसवले. माझ्या बायकोचा नंबर सातवा लागला. मला वाटलं माझ्या गाडीच्या टायरला देईल. तिने शिलाई मशीन आणलं, पायाचं, सेकंडहँड. एक आठवडा मी बोललो नाही तिच्याशी. मग पोळ्याच्या आधी आसपासचे ब्लाउज आले शिवायला आणि तान्ह्या पोळ्याला पोरांच्या नंद्यांसाठी, म्हणजे लाकडी बैलांसाठी, तिने उरलेल्या चिंध्यांच्या झुली शिवल्या, दहा-दहा रुपयांना. माझ्याच पोराच्या नंद्याला झूल नव्हती, ती शेवटी रात्री शिवली.

टायर मी दिवाळीत घेतले. अर्धे पैसे तिने दिले. लिहायला नको वाटत होतं.

---

हिंगण्याचा किराणावाला

वीस वर्षं दुकान आहे. उधारीची वही मी दोन भागांत ठेवतो, पुढून मजुरीवाले, मागून नोकरीवाले. नोकरीवाल्याला पगाराची तारीख असते म्हणून त्याला जास्त उधार देतो. मजुरीवाल्याला पाचशेच्या वर नाही. धंद्याचा नियम आहे, त्यात दयामाया नाही.

गेल्या वर्षी काही बाया मी पुढच्या पानांवरून मागच्या पानांवर घेतल्या. कुणाला सांगितलं नाही. तारीख पक्की नसते, कधी महिन्याच्या शेवटी, कधी पुढच्या दहाला, पण येतात. म्हणून हजारापर्यंत देतो. एकीने वाचलं वहीत. तिला वाचता येतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "शेठ, माह्यं नाव इकडं कसं?" मी म्हटलं, तुझा पगार चालू झाला ना. ती हसली, आणि मग साबण बदलून मागितला. कपड्याचा घेतला होता, तो ठेवून अंगाचा, वासाचा.

---

नरखेडची लेक

सगळ्यांचं वाचलं. संत्रावाले दादांचं आणि वेचणीवालीच्या पोरीचं भावाला पाठवलं. दोन्हीखाली निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

काल वहिनीला फोन केला आणि म्हटलं त्या बाईंना दे. वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्याशी फोनवर बोलले. विचारलं, मावशी, पहिले पैसे आले तेव्हा काय घेतलं होतं? त्यांना वाटलं मी काही चौकशी करतेय. "नाई ताई, मी काई वायफळ नाई केला," म्हणाल्या. मी म्हटलं, तसं नाही, सहज. मग थोडा वेळ गेला, मागे वहिनीचा मिक्सर चालू होता, तो बंद झाल्यावर म्हणाल्या, "चपला घेतल्या जी. दोन जोड."

दोन कशाला?

"एक वावरातली. अन् एक बँकेत जाची."